घाट चढला की गाडी पाणी खाते: जुन्या गाडीची वारंवार होणारी कूलंट गळती

कराडात महिनाभर फिरवली तरी पाणी जागचं हलत नसे. चिपळूणला जाऊन कुंभार्ली घाट चढून परत आलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर अर्धा लिटर मागायचा. जमिनीवर थेंब नाही, होस (पाण्याच्या रबरी नळ्या) कोरडे, तापमानाचा काटा मध्यावर. गाडी २००५ सालची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, त्यामुळे ती विकायचा विषय आमच्या घरात निघत नाही. दोन वर्षांत तीन दुरुस्त्या झाल्या. आधी वरचा होस फुटला, तो बदलला. पाच महिन्यांनी हीटरकडे जाणारा बारीक होस गेला. मग खालच्या होसचं तोंड झिरपायला लागलं. प्रत्येक वेळी मेकॅनिकने केलेलं काम त्या जागेपुरतं चोख होतं. तरी पाणी कमी होतच राहिलं.

जुनी गाडी बाळगणाऱ्या बऱ्याच जणांची हीच तक्रार असते: एक जागा बंद केली की दुसरी उघडते. असं होत असेल तर पुढची जागा शोधण्याआधी दाब तपासा. मला हे तिसऱ्या दुरुस्तीनंतर कळलं, म्हणून इथे सगळं क्रमाने मांडतोय.

झाकणापासून सुरुवात

एक गोष्ट सगळ्यात आधी. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. फडकं धरूनही नाही, हळूच फिरवूनही नाही. आत शंभर अंशांच्या आसपासचं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल होताच ते उकळून अंगावर येतं, आणि ते तोंडावर, हातावर आलेली माणसं मी पाहिली आहेत. गाडी बंद करून किमान तास-दीड तास जाऊ द्या. वरचा होस दाबून बघा. तो मऊ आणि हाताला गार लागला तरच पुढचं काम. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही सुरू होतो, म्हणून हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा.

आता झाकणाचं काम समजून घेऊ. झाकणाच्या पोटात स्प्रिंग असते आणि तिच्या जोरावर आतला दाब धरून ठेवला जातो. झाकणावर आकडा छापलेला असतो: ०.९, १.१ असा. माझ्या गाडीचा मूळ आकडा ०.९, म्हणजे टायरची हवा मोजतात त्या मापात सुमारे १३ पीएसआय. एवढ्या दाबाखाली नुसतं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११९ अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असेल तर उकळबिंदू त्याहूनही वर जातो. घाटात दुसऱ्या गिअरवर, एसी चालू ठेवून चढताना हेच अंश इंजिन वाचवतात.

पाणी तापलं की फुगतं. दाब झाकणाच्या आकड्यावर गेला की स्प्रिंग उचलते आणि जादा पाणी बारीक नळीतून प्लास्टिकच्या बाटलीत जातं. गाडी गार झाली की आत पोकळी तयार होते, झाकणाच्या मधोमध असलेली छोटी चकती उघडते आणि बाटलीतलं पाणी परत ओढून घेतलं जातं. ही ये-जा नीट चालली तर वर्षभर पाणी घालावं लागत नाही.

माझ्या गाडीवरच्या झाकणावर आकडा होता १.३. पहिला होस बदलला तेव्हा जुन्या झाकणाचं रबर चिरलेलं म्हणून नवं बसवलं गेलं होतं. ते दिसायला तेच, बसायलाही तेच. पण पंधरा वर्षं ०.९ च्या दाबाची सवय असलेले होस, सांधे आणि प्लास्टिक आता १.३ पर्यंत ताणले जात होते. गावातल्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत पाणी तेवढं तापतच नव्हतं. घाटात तापायचं, आणि मग सगळ्यांत कच्ची जागा सुटायची. ती बदलली की तिच्यापुढची कच्ची जागा. वहीत तारखा लावून बघितल्या तेव्हा पहिला होस सोडला तर बाकीच्या सगळ्या गळत्या झाकण बदलल्यानंतरच्या निघाल्या.

म्हणून तुमच्या गाडीचं झाकण आज काढा, अर्थात गार असताना, आणि त्यावरचा आकडा गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवून बघा. रबरी वायसर कडक झालाय का, त्यावर चीर किंवा खोल वळ उठलाय का, मधली चकती नखाने ओढल्यावर सुटून परत बसते का, हेही बघा. ही चकती अडकली तर वेगळंच लक्षण दिसतं: गाडी गार झाल्यावर वरचा होस चपटा होतो, आणि बाटली भरलेली असूनही रेडिएटर रिकामा राहतो. नुसती बाटली बघून समाधान मानणाऱ्यांची इथे फसगत होते. बाटलीकडे जाणाऱ्या नळीला बारीक चीर असली तरी तेच होतं. पाण्याऐवजी हवा ओढली जाते. ती नळी दोन्ही टोकांना एकेक इंच कापून पुन्हा खोचली तरी पुष्कळदा काम भागतं.

खरोखर किती पाणी जातं?

बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बाटली आणि रेडिएटर दोन्ही बघून किलोमीटरच्या आकड्यासह लिहून ठेवा. आठ-दहा नोंदी झाल्या की नमुना दिसायला लागतो. रोज थोडं थोडं जातं, की फक्त लांबच्या प्रवासात? उभ्या गाडीतूनही जातं का? थंडीच्या दिवसांत पहाटे थेंब पडतो आणि गाडी तापली की थांबतो, तर बहुधा होसची क्लिप सैल असते. गारठ्यात रबर आक्रसतं आणि फट पडते. उलट, फक्त तापल्यावरच जात असेल तर प्लास्टिकची टाकी, तिचा सांधा किंवा वॉटर पंप यांच्यावर आधी संशय घ्यावा.

खाली पडलेलं सगळं पाणी कूलंट नसतं. एसीचं पाणी डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पायाखालच्या भागात पडतं. त्याला रंग नाही, वास नाही. पांढऱ्या टिश्यूवर थेंब घ्या. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. आमच्याकडे हीटरचा होस फुटला तेव्हा आधी आईलाच कळलं होतं, गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "काकवी सांडलीय का रे गाडीत?" असा वास गाडीच्या आत येत असेल, काचा आतून चिकट धुक्याने भरत असतील किंवा डावीकडचा गालिचा ओला होत असेल, तर डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय असं समजा.

थेंब चाखून बघायचा नाही. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे, आणि गोड चवीमुळेच कुत्री-मांजरं ते चाटतात. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या. अंगणात किंवा गटारात ओतू नका, आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

डोळ्यांनी शोधताना ओलाव्यापेक्षा डाग उपयोगी पडतात. कूलंट सुकलं की मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी उरते. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन होसची टोकं, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरकडचा रस्ता उघडणाऱ्या झडपेच्या) घराचा सांधा, इंजिन ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या गोल पत्र्याच्या टोप्या आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघा. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून बाहेर येतं. तिथे ओघळ दिसला तर भोक बुजवू नका, पंप बदला. बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये जाईल आणि पंप रस्त्यातच बसेल. तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर पंपाबरोबर बेल्टही बदलून घ्या, कारण तिथवर पोहोचण्याची सगळी मेहनत एकच आहे.

गार गाडीवर दाब देऊन बघणं

माझ्या गाडीवर यातलं काहीच दिसेना. पंख्याच्या जाळीमुळे रेडिएटरची मागची बाजू झाकलेली, पुढून एसीचा कंडेन्सर. गॅरेजमध्ये झाकणाच्या जागी बसवायचा हातपंप असतो, तो ओळखीवर मिळत असेल तर तोच आणा. मला मिळाला नाही, म्हणून एक जुनं झाकण घेतलं, वरच्या काठाला रबरी वायसर असलेलं. त्याच्या पोटातली स्प्रिंग आणि चकती काढली, मधोमध भोक पाडून टायरवाल्याकडून आणलेला, नटाने आवळायचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह बसवला. रेडिएटरच्या गळ्याशी असलेल्या बारीक तोटीतून हवा निसटते, म्हणून बाटलीची नळी काढून त्या तोटीवर रबरी टोपी चढवून क्लिप लावली. पाणी गळ्यापर्यंत भरलं, हे झाकण लावलं आणि मीटर असलेल्या पायपंपाने हवा दिली.

इथे घाई केली तर रेडिएटर फुटतो. पेट्रोल पंपावरचा हवेचा पाइप अजिबात लावू नका. गाडीच्या मूळ झाकणाचा आकडा हीच मर्यादा. माझ्यासाठी १३ पीएसआय. आणि घरी केलेल्या या झाकणाला जादा दाब सोडायची सोय नसते, म्हणून ते लावलेलं असताना इंजिन सुरू करायचं नाही.

गार गाडीवर काटा दहा मिनिटांत १३ वरून ११ वर आला, पण थेंब दिसला नाही. मग दाब सोडला, झाकण उघडं ठेवूनच इंजिन चार-पाच मिनिटं चालवलं, पाणी कोमट झाल्यावर बंद केलं आणि पुन्हा दाब दिला. यावेळी होसच्या टोकांना आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना टिश्यूच्या पट्ट्या खोचून ठेवल्या होत्या. डाव्या बाजूच्या, पंख्याच्या जाळीमागच्या पट्टीवर सात-आठ मिनिटांनी हिरवा ठिपका उमटला. प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे पत्र्याचे दात दुमडून बसवलेली असते, नेमका तो सांधा. घाटात तिथून बारीक फवारा उडायचा, पंख्याची हवा तो गरम इंजिनावर फेकायची आणि वाफ होऊन जायची. जमिनीवर थेंब कुठून पडणार?

दाब उतरतो पण बाहेर कुठेच ओल नाही, असं झालं तर पाणी इंजिनाच्या आत जातंय का ते बघावं लागतं. गार इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करा. गळ्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच होस दगडासारखे कडक झाले, तर हेडगॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पातळ सीलचा) संशय पक्का होतो. स्पार्क प्लग काढल्यावर बाकीचे काळपट-तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर त्याच सिलिंडरमध्ये पाणी जातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून मात्र लगेच घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाड्यांत नुसत्या दमटपणानेही ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवूच नका. हेड उतरवणं अंगणात करायचं काम नाही, ते गॅरेजलाच द्यावं.

हळद, लीक स्टॉप आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

रेडिएटरमध्ये हळद टाकणं हा जीप-ट्रकवाल्यांचा जुना उपाय. तो खोटा नाही. हळदीचे कण पाण्याबरोबर फिरतात, फुगतात आणि बारीक भोकात अडकून बसतात. रात्री घाटात अडकलात आणि कुटुंब बरोबर आहे, तर जरूर वापरा. पण ते कण फक्त भोकातच अडकत नाहीत. रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही साचतात. बाजारातल्या लीक स्टॉपच्या बाटलीचंही तेच. घरी पोहोचल्यावर सगळं पाणी काढून दोन-तीनदा धुऊन घ्या आणि खरी दुरुस्ती करा.

प्लास्टिकच्या सांध्यावर एम-सील लावणंही असंच काही दिवसांचं असतं. तापून-गार होऊन प्लास्टिक हलतं आणि लेप सुटतो. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर डाख देऊन वर्षानुवर्षं चालायचे. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या जोडीला तो उपाय लागू पडत नाही. सांध्यातलं रबर बदलून दात पुन्हा दाबून देणारे रेडिएटरवाले आहेत, पण टाकीचं प्लास्टिक तपकिरी पडून नखाने खरवडलं जात असेल तर त्यावर पैसे घालू नका. माझं तसंच होतं, नवा रेडिएटर घेतला.

आणि थर्मोस्टॅट. "वॉल काढून टाका, गाडी गार राहील" हा सल्ला मला दोघांनी दिला. कृपा करून तो ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन सपाटीवर गरजेपेक्षा गार चालतं आणि पेट्रोल जास्त पितं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच परत फिरतो आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर तो पातेल्यात पाण्याबरोबर तापवून बघा (त्या पातेल्यात नंतर काही रांधू नका). त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

रेडिएटर आणि होस बदलताना

रेडिएटर काढणं तुलनेने सोपं निघालं. खालचा चावीचा बोल्ट सैल करून पाणी टबात घ्यायचं, दोन होस, पंख्याचं कनेक्शन, वरच्या दोन पट्ट्या. एसीचा कंडेन्सर जागेवरच राहू द्या. त्याच्या नळ्यांना पान्हा लावू नका, गॅस जाईल. गाडी उचलावी लागली तर जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, आणि विटांचा ठोकळा तर कधीच लावू नका. वीट भाराखाली न सांगता फुटते. लोखंडी स्टँड भाड्याने मिळतात.

जुना होस तोटीला चिकटून बसतो. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलात तर प्लास्टिकची तोटी तुटेल. होस बदलायचाच आहे, तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरा आणि सोलून काढा. तोटीवरची खरपुडी बारीक पॉलिश पेपरने काढा. पुष्कळ नव्या होसच्या गळतीचं मूळ या साफ न केलेल्या खरपुडीत असतं. होस सरकवायला ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगतं. थोडं कूलंट लावा. क्लिप तोटीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर किंवा टोकावर नाही. प्लास्टिकच्या तोटीवर क्लिप आवळताना रबर क्लिपच्या भोकांतून वर येऊ लागलं की थांबा.

पाणी कुठलं घालता याने पुढची दहा वर्षं ठरतात. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, चहाच्या भांड्याला महिन्यात पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि कूलंट नसलेलं साधं पाणी ब्लॉकच्या टोप्या आतून गंजवतं. बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी वापरा. कूलंटच्या कॅनवर ते तयार मिश्रण आहे की घट्ट, हे वाचा. तयार मिश्रणात पुन्हा निम्मं पाणी घालण्याची चूक फार होते. आणि नुसतं घट्ट कूलंट भरूनही चालत नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. हिरवा, लाल, निळा हा फक्त रंग; जात पुस्तकात बघा आणि दोन जाती एकत्र करू नका.

भरताना हवा अडकते, आणि दुरुस्तीनंतर गाडी तापण्याचं ते नेहमीचं कारण. आमच्या फाटकाजवळच्या चढावर तोंड वर करून गाडी लावली, हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवला, झाकण उघडं ठेवून पाणी हळूहळू ओतलं. इंजिन चालू करून वरचा होस मधूनमधून दाबला की बुडबुडे निघतात आणि पातळी खाली जाते, पुन्हा भरायचं. होस गरम लागायला लागला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, की पाणी उसळून वर यायच्या आत झाकण लावायचं. नंतर पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत वाट बघायची, हीटरमधून गरम हवा येते का ते बघायचं, आणि गाडी पूर्ण गार झाल्यावर पातळी परत तपासायची. मला दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी पावशेर लागलं.

रस्त्यात काटा चढायला लागलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. उन्हाळ्यात नको वाटतं, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. काटा तरीही लालकडे गेला किंवा वाफ दिसली तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

नवा रेडिएटर, ०.९ चं झाकण आणि तिन्ही होसच्या नव्या क्लिपा बसवून सात महिने झाले. पाचशे किलोमीटरनंतर क्लिपा एकदा पुन्हा तपासल्या, खालची अर्धा वेढा आवळावी लागली. त्यानंतर कुंभार्ली चार वेळा चढलो, त्यात एकदा मे महिन्याच्या दुपारी, अण्णांना पुढे बसवून, एसी लावून. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उघडून बाटली बघितली. गरम असल्याने पातळी रेघेच्या बोटभर वर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कराडात ती बरोबर रेघेवर आली होती.